शमालची दारं

दोहा
शुक्रवार, १५ ऑक्टोबर १९९९

प्रिय जसिंतामावशी,

आधी एक दुरुस्ती करते. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की महिपती पेंटरांनी घासायचा पेपर न मारताच दारं रंगवली, म्हणून रंगाचे पोपडे निघाले. ते मी पाहिलेलं नाही. आमचा फोरमन हमीद तसं म्हणाला आणि मी ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं तुला लिहून टाकलं. तू काळजी करू नयेस, कुणाचं तरी चुकलंय पण माझं नाही, एवढं तुला कळावं, म्हणून बहुधा. हे बरं केलं नाही. पत्र टाकल्यापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तुला सगळं नीट सांगते. आमची कंपनी बाहेरून दारं आणते आणि बसवते. पुढचं दार फायबरग्लासचं असतं. त्यावर लाकडासारख्या रेषा असतात. तपकिरी रंग फडक्याने चोळून वर क्लिअर वार्निशचे दोन हात दिले की ते थेट सागवानी दिसतं. मागचं दार पोलादी. ते कारखान्यातून फक्त प्रायमर मारून येतं, रंग इथे द्यायचा. इथलं ऊन आणि समुद्राची खारी हवा अशी आहे की रंग चुकला तर पोलाद गंजतं आणि फायबरची साल पांढरी पडते. मदिनत अश शमालला, म्हणजे अगदी उत्तरेला समुद्राकाठी, बंगल्यांची एक रांग आहे. तिथली सगळी दारं सप्टेंबरात रंगवून झाली. महिन्याभरात मागच्या दारांना फोड आले आणि पुढच्या दारांवरचं क्लिअर दुधासारखं धुरकट झालं.

गेल्या आठवड्यात रॉयसाहेब, हमीद आणि मी बघायला गेलो. साहेबांनी नखाने रंगाचं एक टोक उचललं आणि ओढलं, तर केळीचं सोपट निघावं तशी अख्खी पट्टी हातात आली. महिपती बाजूला उभे होते. हमीद म्हणाला, “देखो साब, पेपर मारा ही नहीं.” महिपती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, “मारला व्हता ताई. पर रंग धरला न्हाई ते खरंच हाये. माजंच कुठंतरी चुकलं आसंल.” मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. म्हणजे, चुकलं असेल एवढंच सांगितलं. पेपर मारला होता, हे सांगायचं राहिलं.

मला वाटतं, दोष हवेचा असावा. रिपोर्टमध्ये मी “कारण स्पष्ट नाही” असं लिहिलंय.

एक चांगलंही सांगते. ऑगस्टमध्ये दुपारच्या उन्हात एक माणूस शिडीवरून कोसळला होता. तेव्हा मी साहेबांना म्हटलं, रंगाचं काम पहाटे सुरू करून नऊला थांबवू या. त्यांनी ऐकलं. माणसं खूश आहेत. ते, म्हणजे महिपती, म्हणाले, “तुमच्यामुळं आमची डोकी थंड ऱ्हायली.” साहेबांनीही सगळ्यांसमोर कौतुक केलं.

फोन करत नाही, कारण शेजारच्या ओट्यावर फोन वाजला की अख्खी आळी ऐकते. पत्रच लिही.

तुझी,
प्रिसिला

•

भुईगाव, वसई
३१ ऑक्टोबर १९९९

लाडक्या प्रिसिलास जसिंतामावशीचे आशीर्वाद.

माझ्या काना-मात्रांकडे बघू नकोस. सिस्टरांच्या वर्गात म्हातारपणी शिकलेली अक्षरं आहेत, जशी पडतील तशी पडतील.

पत्र दोनदा वाचलं. आता सरळ विचारते. हा महिपती कोण? वय काय? पानभर त्याचंच. ते असे उभे होते, ते असं म्हणाले. आमच्या वेळी बायका नवऱ्याबद्दल असं “ते, ते” करायच्या. नावावरून तर आपल्यातला दिसत नाही. तुझ्या आईला मी काही बोललेले नाही. पण तू मला खरं सांग. रंगारी असला म्हणून काही नाही, पण तिकडे एकटे राहणारे पुरुष गावाकडे काय काय ठेवून आलेले असतात, ते मी वीस वर्षं कतारच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलंय.

आणि तुझी ती दुरुस्ती जरा उशिरा आली. तुझं आधीचं पत्र मी माहीमला नेलं होतं. दर महिन्याला कॅरलबाईंकडे सुकेळी घेऊन जाते, तुला माहीत आहे. त्यांच्या कतारच्या घरी मी त्यांच्या रॉयबाबाला, तुझ्या साहेबाला, लहानपणी भरवलंय, आणि त्यांच्याच शब्दावर तुला नोकरी लागली. तेव्हा आपली पोरगी कशी हुशार आहे, कामचुकार माणूस तिने कसा ओळखला, ते त्यांना कळावं म्हणून पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, जसिंता, रॉयला तर कळतच नव्हतं कुणाचा दोष, मी आजच फोनवर सांगते. तुझं नाव निघेल साहेबापुढे. चांगलंच झालं.

तुझ्या भावाची, एडविनची बायको गरोदर आहे. तुझी आई बरी आहे. तिला तुझा फोटो पाठव, ऑफिसच्या खुर्चीवर बसलेला. आपल्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी तूच पहिली. ती सगळ्यांना दाखवणार म्हणते.

जसिंतामावशी

•

दोहा
शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९

प्रिय मावशी,

महिपतीकाका माझ्या बाबांपेक्षा मोठे आहेत. माण तालुक्यातले. गावाकडे बायको तानूबाई आणि मुलगी दुर्गा. दुर्गा माझ्या वयाची आहे, तिला एक मूलही आहे. वय लिहायला मी विसरले आणि तू कुठल्या कुठे गेलीस. पहिल्यांदा वाचून हसले. मग तुझ्या पत्राचा पुढचा भाग वाचला आणि हसू गेलं.

कॅरलबाईंचा फोन आला होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “प्रिसिला, रिपोर्टमध्ये तू त्या माणसाला सांभाळून घेतलंस. घरी मात्र खरं लिहिलंस. मला कळतं, तुला दया आली. पण बंगल्यांची पार्टी माझ्या डोक्यावर बसलीय.” त्यांनी महिपतीकाकांचा व्हिसा कॅन्सल करायला सांगितलाय. कागद तयार झाले की ते घरी जातील. म्हणजे माझ्या रिपोर्टाने नाही, माझ्या तुला लिहिलेल्या पत्राने. एका ओळीने, जी खरी नव्हती.

तुझ्यावर रागावले नाही. तू वाचलंस ते मीच लिहिलं होतं.

आता आणखी एक दुरुस्ती. दोष हवेचा असावा असं मी लिहिलं. ते अर्धंच होतं. मागच्या शनिवारी दिलावर ड्रायव्हर सामान घेऊन पहाटे शमालला निघाला, त्याच्याबरोबर मी गेले. अजून उजाडायचं होतं. माणसं दिवे लावून कामाला लागली होती. एका न रंगवलेल्या पोलादी दारावर मी सहज हात टेकला, आणि तळवा ओला झाला. दार पुसून पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा हात लावला, पुन्हा ओलं. दिव्यात काही दिसत नाही, फक्त हाताला लागतं. रात्रभर पोलाद गार पडतं, समुद्रावरून दमट हवा येते आणि दाराला दंव धरतं. हे लोक पेपर मारतात, फडक्याने पुसतात, रंग घेऊन येईपर्यंत पुन्हा दंव बसलेलं असतं. रंग पोलादावर बसतच नाही, पाण्यावर बसतो. पुढच्या दारांवरचं क्लिअर धुरकट झालं तेही याच ओलीने.

दुपारच्या उन्हात असं झालं नसतं. पहाटे झालं. आणि पहाट ठरवली मी.

एवढंच असतं तर चांगल्या हेतूने झालेली चूक म्हणता आली असती. पण दारांबरोबर इंग्रजी सूचनांचा कागद येतो. पेंटरांना तो वाचता येत नाही, म्हणून मी तो हिंदीत उतरवून भिंतीला लावते. त्यात दोन गोष्टी होत्या. कडक उन्हात तापलेल्या दारावर रंग देऊ नका, आणि ओलसर दारावर देऊ नका. पहिली मी मोठ्या अक्षरात लिहिली. दुसरी गाळली. मला वाटलं, इथे पाऊस कुठे आहे? आपल्याकडे ओल म्हणजे पाऊस. आषाढात फुगून अडकलेली दारं आणि भिंतींवरची बुरशी. हे तर वाळवंट. उगाच जास्त वाचायला लावलं की माणसं काहीच वाचत नाहीत, असा शहाणपणा मी केला. त्या ओळीवर पेन्सिलने रेघ मारताना मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं, हेही तुला सांगते.

तू कॅरलबाईंकडे जा आणि सांग की प्रिसिलाने जे लिहिलं ते तिने पाहिलेलं नव्हतं. त्यांनी साहेबांना फोन केला तर साहेब थांबतील. मग मी बाकीचं सांगेन. मी रोज केबिनच्या दारापर्यंत जाते आणि चहा हवा का विचारून परत येते.

तुझी,
प्रिसिला

•

भुईगाव
२२ नोव्हेंबर १९९९

प्रिसिलास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माहीमला गेले. आता काय झालं ते लिहिते आणि तू मला काही बोलू नकोस.

कॅरलबाईंनी केक केला होता. मला त्यांच्याबरोबर टेबलावर बसवलं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा. म्हणाल्या, “जसिंता, तुझ्या भाचीने माझ्या रॉयचा घोर मिटवला. पार्टी आता शांत आहे. तिला पुढच्या वर्षी वर घेणार म्हणाला.” मी केक खाल्ला. सुकेळी दिली. त्यांनी माझ्या गुडघ्याला तेल दिलं. तशीच उठून परत आले. बसमध्ये आठवलं असं नाही बरं का. टेबलावर बसल्यापासून आठवत होतं. तोंड उघडलंच नाही.

तेव्हा आता माझं ऐक. झालं ते झालं, खलास. तो माणूस म्हातारा होत आला आहे. बायको आहे, नातवंड आहे. घरी जाईल, सावलीत बसेल. त्याला काय, आज नाही तर दोन वर्षांनी जायचंच होतं. तू मात्र परत आलीस तर इथे काय करशील? ताडीवाल्याची पोरगी शिकली आणि कतारला जाऊन दारं बिघडवून आली, असं म्हणतील. तुझी आई चर्चला जायची बंद होईल. आणि मी कॅरलबाईंच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ? टेबलावर बसलेली बाई पुन्हा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहील, दुसरं काय.

तुला सांगायचंच असेल तर सांग. माझं नाव घेऊ नकोस. मी पत्र वाचून दाखवलं, हे रॉयबाबाला माहीतच आहे, पण खरं कळल्यावरही गप्प बसले, हे त्याला कळता कामा नये.

हे लिहिताना मला लाज वाटते आहे. पण लिहिते, कारण तू पण मला लिहिलंस.

फोटो आला. आईने तो घरच्या आल्तारावर माऊलीच्या तसबिरीशेजारी लावला आहे.

जसिंतामावशी

•

दोहा
बुधवार, १ डिसेंबर १९९९

प्रिय मावशी,

तुझं नाव घेणार नाही. घ्यायची गरजच नाही. तू माहीमला जे केलंस, तेच मी इथे केबिनच्या दारात रोज करते आहे. फक्त मला केक मिळत नाही.

तू लिहिलंस तो सल्ला मी पाळला असता, असं मला वाटतं. तो येण्याआधीपासून पाळतही होते. पण इथे दोन गोष्टी झाल्या.

महिपतीकाकांना कामावरून काढल्यावर त्यांच्या जागी हमीदने बाबूला लावलं. बाबू परभणीकडचा, दोन मुलांचा बाप. सगळं काम महिपतीकाकांच्या हाताखाली शिकलेला. त्याने पोलादी दारं खरवडून पुन्हा रंगवायला घेतली. पहाटेच. कारण वेळापत्रक माझं, आणि ते अजून भिंतीवर लागलेलं आहे. ते बदलावं तर का बदललं ते सांगावं लागेल, म्हणून मी बदललं नाही. रोज उठताना मला माहीत असायचं की आत्ता शमालला बाबू ओल्या दारावर रंग देतो आहे. मावशी, हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं. काल पहिल्या दाराला फोड आले. हमीद ऑफिसात येऊन म्हणाला, “ये भी वैसा ही निकला. दोनों को साथ में भेजो.”

दुसरी गोष्ट आज झाली. महिपतीकाका पासपोर्टच्या कागदांवर अंगठा उठवायला आले होते. सोमवारी त्यांचं विमान आहे. साहेब पश्चिमेला दुखानच्या साइटवर गेलेत, त्यामुळे कागद माझ्याच टेबलावर होते. अंगठा पुसून झाल्यावर ते म्हणाले, “ताई, यवडं एक पत्र लिवा दुर्गाला. मी जायच्या आदी पोचंल का न्हाई ठावं न्हाई, पर लिवा. तोंडानं सांगायला न्हाई जमायचं मला.”

मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.

“लिवा, बा कायमचा घरी येतोय. हितं कुणी वाईट वागलं न्हाई. माज्या हातातच आता काम ऱ्हायलं न्हाई.”

माझं पेन थांबलं. मी म्हटलं, “काका, असं कशाला लिहायचं?”

“खरं हाये त्ये. सत्तावीस वरसं रंग दिला. गावच्या शाळंची दारं माजीच हायती, अजून बगा जाऊन. आन हितं एक धरंना. आन आता बाबूचं बी तसंच झालं, ऐकलं न्हवं तुमी? त्यो माज्याच हाताखाली शिकला. माजाच दोस त्याच्यात उतरला.”

“तसं नसतं, काका.”

“मग कसं आसतं?” त्यांनी खरोखरच विचारलं. टोमणा नव्हता. मला शाळा माहीत आहे, इंग्रजी कागद माहीत आहेत, तर हेही माहीत असेल, असं त्यांना वाटलं.

मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण बाजूच्या टेबलावर अकाउंट्सचा माणूस होता आणि मी म्हटलं, “हवा खराब आहे इथली.”

ते हसले. “हवा सगळ्यांला सारकीच की. ब्रश मी बाबूला दिऊन टाकलं हुतं. त्याला म्हनलं, आता ते बी टाकून दे. गावाकडं आता रंगाचं काम घ्याचं न्हाई, हे बी लिवा दुर्गाला. शाळंची दारं ह्या साली पुन्यांदा द्याची हुती. दुसरं कुनीतरी दील.”

मी लिहिलं. मावशी, माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं की त्यांच्या हातात काम राहिलं नाही. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि जाताना म्हणाले, “ताई, तुमी आमाला उनातनं काडलं, ते मातर म्या ईसरनार न्हाई.”

तू म्हणतेस, तो घरी जाईल, सावलीत बसेल. मीही तेच स्वतःला सांगत होते, की फक्त नोकरी जाते आहे. पण नोकरी नाही जात. ते इथून असं समजून जाणार आहेत की त्यांना येत होतं ते सगळं गेलं. आणि हे खोटं आहे हे त्यांना सांगू शकणारं माणूस जगात एकच आहे.

आता शेवटची दुरुस्ती. बारा नोव्हेंबरच्या पत्रात मी असं भासवलं की दारावर हात टेकला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पहिल्यांदा नव्हे. ऑक्टोबरात साहेबांनी ती पट्टी ओढून काढली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. ते बघताच मला मी गाळलेली ओळ आठवली. परत येताना इंग्रजी कागद माझ्या पर्समध्ये होता, आणि तो साहेबांना दिसू नये म्हणून मी पर्स पायाशी ठेवली. तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी एकेक पाऊल खऱ्याकडे गेले आणि प्रत्येक वेळी एक पाऊल मागे ठेवलं. आता मागे काही ठेवलेलं नाही.

मी साहेबांना केबिनमध्ये सांगणार नाही. केबिनमध्ये सांगितलं तर ते दार लावतील, मला पाणी देतील आणि म्हणतील, आपण हे आपल्यातच ठेवू, मम्मीला वाईट वाटेल. मी तेवढ्यावर समाधान मानेन, मला माझी खात्री नाही. म्हणून दुखानला फोन करून मी त्यांना एवढंच म्हटलं की शमालला मला त्यांना एक दार दाखवायचं आहे, पण ते सूर्य उगवायच्या आधी बघावं लागेल. ते म्हणाले, “यल्ला, चल, शनिवारी जाऊ. पण माझी झोप मोडण्यासारखं काहीतरी असू दे.” उद्या ते तिथेच आहेत, परवा शुक्रवारची सुट्टी. दिलावरला गाडी सांगून ठेवली आहे. आणि महिपतीकाकांनाही मी त्याच गाडीत घेणार आहे. त्यांना वाटतंय, बाबूचा निरोप घ्यायला चाललोय.

तिथे हमीद असेल, बाबू असेल. एक पोलादी दार मी न रंगवता ठेवायला सांगितलंय. साहेबांना म्हणणार आहे, आधी तुम्ही हात लावा. मग महिपतीकाकांना म्हणणार, तुम्ही लावा. मग इंग्रजी कागद काढून, रेघ मारलेली ओळ सगळ्यांसमोर हिंदीत वाचणार, आणि रेघ कुणाची आहे तेही सांगणार. दारं कशी वाचवायची तेही लिहून ठेवलंय. खरवडून, ऊन चढल्यावर दार पूर्ण कोरडं झालं की मांडवाच्या सावलीत रंग द्यायचा, नऊच्या आधी ब्रश बुडवायचाच नाही. पण ते नंतर. ते सांगितलं की मी पुन्हा हुशार वाटायला लागेन, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

साहेब मला ठेवतील की पाठवतील, माहीत नाही. पाठवलं तर आईला सांग, फोटो उतरवून ठेव. नाही तर राहू दे, खुर्चीवर तर मी बसलेच होते.

महिपतीकाकांना मी दुर्गाला लिहिलेलं पत्र परत मागणार आहे. त्यांनी दिलं तर त्यांच्यासमोरच दुसरं लिहीन.

हे तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी दिवस लिहून ठेवते, म्हणजे मला तो बदलता येणार नाही. शनिवार, ४ डिसेंबर.

तुझी,
प्रिसिला